मावशीला सांगायचं नाही

सहावीच्या वर्गाला त्या वर्षी ध्रुवाचं वेड लागलं ते बाईंच्या धाकट्या बहिणीमुळे. भूगोलाच्या पुस्तकात ध्रुवीय प्रदेशाच्या वाट्याला उणीपुरी चार पानं आली होती आणि बाई दरवर्षी ती दोन तासांत उरकायच्या. बर्फ, सील, पेंग्विन, सहा महिने दिवस, सहा महिने रात्र, खालील प्रश्नांची उत्तरे लिहा. पण या वर्षी धाकटी खरोखरच तिथे जाऊन बसली होती. दक्षिण ध्रुवाकडच्या एका संशोधन केंद्रात जनरेटर सांभाळायचं काम तिला मिळालं होतं. हिवाळाभर तिथे अठरा माणसं राहायची आणि त्या अठरांचा उजेड, ऊब, पिण्याचं पाणी, सगळं हिच्या तीन यंत्रांवर चालायचं. लहानपणी घरातलं एकही घड्याळ हिने न उघडता सोडलं नव्हतं, म्हणून घरात तिचं नाव ‘पाना’ पडलं होतं. नट आवळायचा पाना. आई म्हणायची, हिला सगळं उघडता येतं, पुन्हा लावायला मात्र दुसरं माणूस लागतं.

आईचं बोलणं असंच होतं. तिच्या जिभेला गोडवा म्हणून ठाऊक नव्हता. शेजारीण ‘बऱ्या आहात ना?’ म्हणून विचारायला आली, तर ‘बरी नसते तर दार कुणी उघडलं असतं?’ असं म्हणून आई तिला आत घ्यायची आणि चहा पाजूनच सोडायची. धाकटी निघाली तेव्हा आई रडली नाही. दोन दिवस तिला बोल लावत राहिली आणि बोल लावता लावता चार जोड हातमोजे विणून दिले. एक रविवार सोडून एक रविवार केंद्रावरून दहा मिनिटांचा फोन यायचा. त्यातली आठ मिनिटं आई ओरडायची. मधल्या रविवारी मेल जायची. आईला टाइप करता येत नव्हतं, म्हणून ती सांगायची आणि बाई लिहायच्या. ‘केस विंचरतेस की तशीच झिपरी फिरतेस’ इथून सुरुवात आणि ‘दुसऱ्याच्या वाटचं काम अंगावर घेऊ नकोस, तुला अक्कल नाही’ इथे शेवट. बाईंनी एकदा ते ‘अक्कल नाही’ हळूच गाळलं, तर आईने सगळी मेल वाचून घेतली आणि ते पुन्हा घालायला लावलं.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता, जिन्याच्या अगदी टोकाला. मागच्या भिंतीवर मुलांनी पांढऱ्या कागदाचा मोठा नकाशा डकवला होता. मुलं धाकटीला मावशी म्हणायची. ती दर गुरुवारी तिथलं तापमान कळवायची आणि मुलं ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. उणे एकेचाळीस, उणे त्रेपन्न. एकदा बाईंनी बादलीत बर्फ आणि पाणी घालून प्रयोग केला. आधी उघडा हात, मग एक मोजा, मग मोज्यावर मोजा. कोण किती वेळ टिकतं ते घड्याळ लावून बघायचं. मोजे अर्थातच आईने विणलेले. मोज्यांबरोबर तिने निरोप धाडला होता की चांगली लोकर बर्फात बुचकळणारी मास्तरीण माझ्या पोटची आहे हे कुणाला सांगू नका. वर्गात असं कसं सांगणार? बाई म्हणाल्या, आजींनी तुम्हा सगळ्यांना शाबासकी दिली आहे. तेव्हापासून मुलांना आजींना बघायचं होतं. गुडघे जरा बरे झाले की येते आणि पोरांना विणायला शिकवते, असं आईनेही कबूल केलं होतं.

ते राहूनच गेलं. एका मंगळवारी सकाळी आई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. दोन दिवस ती हॉस्पिटलात डोळे मिटून पडली होती आणि गुरुवारी दुपारी गेली.

बाबा तेव्हा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून घासून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. घरात बोलायचं खातं आईकडे असल्यामुळे ते कमीच बोलायचे. बाई खिशातला फोन काढून केंद्रावर मेल लिहायला लागल्या, तेव्हा त्यांनी बाईंचा हात धरला.

“पानाला कळवू नकोस.”

बाई म्हणाल्या, असं कसं बाबा, तिची आई आहे.

“तिला येता येणार आहे का?”

“नाही.”

“मग?”

हिवाळ्यात तिथे विमान उतरत नाही. काळोख असतो आणि इंधनसुद्धा गोठून लापशीसारखं होतं. अजून सव्वाचार महिने तिथून कुणी बाहेर येणार नव्हतं आणि आत कुणी जाणार नव्हतं. हे बाईंनीच मुलांना शिकवलं होतं आणि चाचणीत दोन गुणांना विचारलंही होतं. बाबा म्हणाले, त्या डब्यात सतरा परक्या माणसांबरोबर ती हे घेऊन कुठे जाईल? दार उघडून बाहेर पडायचीही सोय नाही. आली की मी सांगेन. मी स्वतः सांगेन. बाईंनी फोन खिशात ठेवला. तो का ठेवला, हे त्यांना पुढे बरेच दिवस सांगता आलं नाही.

रविवारी बाबा नेमाने संगणकाजवळ येऊन बसले. आईच्या खुर्चीवर नाही, तिच्या शेजारच्या स्टुलावर. आईचा आवाज बसलाय, डॉक्टरांनी महिनाभर बोलायला मनाई केली आहे म्हणून फोनवर येणार नाही, एवढं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मग म्हणाले, “आता आई सांगायची तसं लिही. लिही, तब्येतीला जप, बाळा.”

“आई कधी ‘बाळा’ म्हणाली नाही, बाबा.”

“म्हणू दे की एकदा,” बाबा म्हणाले.

बाईंनी ते लिहिलं. दोन दिवसांनी धाकटीचं उत्तर आलं. त्यात जनरेटरच्या एका पट्ट्याबद्दल बरीच तक्रार होती आणि शेवटी लिहिलं होतं, आईला म्हणावं आवाज बसलाय तर बसू दे, पण लिहिताना ओरडायला काय झालं? सगळं ठीक आहे ना?

एवढ्यावर भागलं असतं तर बाईंनी कसंबसं रेटून नेलं असतं. पण दोन महिन्यांपूर्वीच एक गोष्ट ठरून बसली होती. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता धाकटी उपग्रहावरून सहावीच्या वर्गाशी बोलणार होती. वीस मिनिटं, पडद्यावर, समोरासमोर. आणि वर्गातल्या चौतीसच्या चौतीस मुलांना आजी गेल्याचं माहीत होतं. बाई रजेवरून परत आल्या तेव्हा सगळी मुलं न सांगता उभी राहिली होती आणि टेबलावर सगळ्यांच्या सह्यांचा एक कागद होता.

बाई मोठ्या बाईंकडे गेल्या आणि कार्यक्रम रद्द करा म्हणाल्या. मोठ्या बाई मुख्याध्यापिका असल्या तरी मनाने मऊ होत्या. त्या म्हणाल्या, करू की रद्द, आत्ता करते. पण बहिणीला कारण काय सांगाल? बाई रद्द न करताच परत वर्गावर गेल्या.

बुधवारी शेवटच्या तासाला बाईंनी मुलांना जुन्या काळच्या मोहिमांची गोष्ट सांगितली. तेव्हा जहाज बर्फात अडकलं की वर्ष-दोन वर्षं जगाची काही खबर मिळायची नाही. मग केव्हातरी दुसरं जहाज यायचं, त्यातून पत्रांची बोचकी यायची आणि माणसं तारखा लावून एकेक पत्र फोडायची. काही पत्रं अशी असायची की ती लिहिणारं माणूस मधल्या काळात गेलेलं असायचं. हे सांगताना बाईंचा आवाज नीट होता. नंतर त्या म्हणाल्या, “माझ्या बहिणीला अजून सांगितलेलं नाही. शुक्रवारी तुम्हीही सांगायचं नाही. खोटं बोला असं मी म्हणत नाही. फक्त तो विषय काढू नका.”

एक हात वर आला. हा हात कुणाचा ते बघावं लागायचं नाही. त्या मुलीला इतके प्रश्न पडायचे की सगळी शाळा तिला ‘शंका’ म्हणायची.

“मग कधी सांगणार, बाई?”

“विमान आलं की.”

“त्या विचारतील ना, कधी गेल्या? तेव्हा खरी तारीख सांगणार?”

“हो.”

“म्हणजे त्या मागे मोजून बघतील,” शंका म्हणाली, “आणि त्यांना कळेल की शुक्रवारी आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.”

बाईंनी खडू उचलला, खाली ठेवला. मुलगी उद्धटपणे विचारत नव्हती, तिला खरंच ते सुटत नव्हतं. बाईंना नुसतं “खाली बस” एवढंच म्हणता आलं. तास सुटल्यावर एकजण टेबलाजवळ येऊन म्हणाला की माझ्या पोटात काही राहत नाही, तर मी शुक्रवारी घरी राहू का? बाईंनी त्याला शेवटच्या बाकावर बसायला सांगितलं आणि तो जिना उतरून गेल्यावर त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या रिकाम्या वर्गात तशाच बसून राहिल्या.

शुक्रवारी अकराला दोन मिनिटं असताना पडद्यावर आधी निळा चौकोन आला, मग तुकड्या-तुकड्यांनी धाकटीचं तोंड. केस खरोखरच विंचरलेले नव्हते. ती वाळली होती, पण हसताना अजूनही सगळे दात दिसत होते. बोललेलं पोचायला दोन सेकंद लागायचे, त्यामुळे प्रत्येक प्रश्नानंतर ती क्षणभर माठासारखी बघत राहायची आणि मग एकदम दचकून बोलायची. एरवी मुलांनी त्यावर हसून वर्ग डोक्यावर घेतला असता. आज कुणी हसलं नाही. पाठ केलेले प्रश्न एकेकाने उठून विचारले. पाणी कुठून आणता? बर्फ फावड्याने भरून वितळवतो, म्हणून आंघोळ आठवड्यातून दोनदा. तीही दोन मिनिटांची. वादळात वाट कशी सापडते? एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत दोर बांधलेला असतो, तो सोडायचा नाही. जनरेटर बंद पडला तर? “तर सगळे माझ्या नावाने ओरडतात,” धाकटी म्हणाली, “पण आमच्या आईइतकं चांगलं कुणालाच जमत नाही.”

कुणीच बोललं नाही. धाकटीला वाटलं, आवाज पोचला नसेल. तिने कानावरचं यंत्र चाचपलं.

“ताई, ही मुलं आहेत की पुतळे? मारतेस की काय? बरं, आता मी एक विचारते. माझी आई तुमच्या वर्गात विणायला शिकवायला येणार होती, ती आली का?”

बाईंनी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून, ज्याच्या पोटात काही राहत नव्हतं त्याचा आवाज आला.

“आल्या होत्या.”

त्या मुलाने ते कसं म्हटलं कोण जाणे. बहुधा त्या गप्प बसण्याचं ओझं त्याला सहन झालं नसेल. पण त्याचं ऐकून दुसऱ्या बाकावरची एक म्हणाली, हो, मागच्याच आठवड्यात आल्या होत्या. मग बांध फुटला. आजी या खुर्चीवर बसल्या होत्या. आजींनी पिवळी लोकर आणली होती. मला उलटा टाका येतो आता. मी इतकं विणलं, असं म्हणून एकाने हातभर माप दाखवलं. दोन दिवस मूग गिळून बसलेला वर्ग एका दमात बोलायला लागला आणि बोलताना त्यांचे चेहरे उजळले होते. बाई “अरे, अरे” म्हणत राहिल्या, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत आई तीन जिने चढून वर्गात आली होती, पिवळी लोकर मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिला तिथून उठवायचं बळ बाईंच्या अंगात नव्हतं.

पडद्यावर धाकटी आधी खूप हसली. “तीन जिने चढली? गुडघ्यांवर?”

“हो, पटापट,” मुलं म्हणाली.

“आणि टाके चुकले तेव्हा किती ओरडली?”

“नाही ओरडल्या,” शंका म्हणाली. आतापर्यंत तीच एक गप्प होती. आता तीही उभी राहिली होती. “अजिबात नाही ओरडल्या. म्हणाल्या, चुकलं तरी चालेल. पुन्हा करू. त्या खूप प्रेमळ होत्या.”

दोन सेकंद गेले. धाकटी तशीच बघत होती, आणि मग चार सेकंद झाले, पाच झाले. शंकाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण बाईंच्या आलं. प्रेमळ होत्या, ओरडल्या नाहीत, सगळं चालवून घ्यायच्या. असं फक्त गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. जिवंतपणी आईला असं कुणी म्हटलं नव्हतं. धाकटीच्या चेहऱ्यावरून हसू उतरताना बाईंनी पाहिलं. चित्र अडखळत होतं म्हणून ते पायरी पायरीने उतरलं.

मग धाकटीने मान हलवली. “हो ना,” ती मुलांना म्हणाली. “तशीच आहे ती.” उरलेल्या दोन मुलांचे प्रश्न तिने घेतले. पेंग्विन तिथे नाहीत, ते किनाऱ्याला असतात. काळोखाची सवय होते, पण पूर्ण होत नाही. तिने सगळ्यांचे आभार मानले, मन लावून अभ्यास करा म्हणून सांगितलं आणि म्हणाली, “ताई, मुलांना जरा बाहेर सोडतेस?”

मोठ्या बाई मुलांना घेऊन गेल्या. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती. दीड मिनिट उरलं होतं.

“कधी?” धाकटीने विचारलं.

“पंधरा दिवस झाले. डोक्यात रक्तस्राव. तिला काही कळलं नाही.”

दोन सेकंद.

“त्या ‘बाळा’वरूनच मला शंका आली होती. बाबा सांगतात का मेल?”

“हो. पाना, मी सांगणार होते, पण...”

“ताई, मला कळलंय हे बाबांना सांगू नकोस. त्यांनी एवढं धरून ठेवलंय, ते सुटलं तर ते खाली बसतील. चालू दे तसंच.” तिचा आवाज घट्ट होता, पण खालचा ओठ वेगळाच हलत होता. “माझी तीनपर्यंत पाळी आहे. मला आता जावं...”

तिथे चित्र थांबलं, तोंड अर्धं उघडं राहिलं आणि मग निळा चौकोन आला. बाईंनी पुन्हा जोडून पाहिलं. उपग्रह क्षितिजाखाली गेला होता. पुढचा फोन नऊ दिवसांनी, रविवारी, तोही घरी, बाबांच्या देखत.

व्हरांड्यात मुलं वाट बघत होती. एकीने विचारलं, बरोबर जमलं ना बाई? बाई म्हणाल्या, हो, छान बोललात. शंकाने काहीच विचारलं नाही. ती बाईंकडे बघत राहिली आणि मग दप्तर उचलून गेली. बाईंना कळलं की हिला समजलंय, आणि त्यावर आपण हिला काहीच देऊ शकत नाही.

पुढचे दोन रविवार बाईंच्या आयुष्यातले सर्वांत लांब रविवार होते. एकदा मेलमध्ये, एकदा फोनवर, धाकटी बाबांना विचारायची, आईचा घसा कसा आहे? बाबा सांगायचे, आहे बरा, गरम पाण्याच्या गुळण्या करते. दोघंही उत्तम बोलायची. बाई मधे बसून असायच्या. एकट्या बाईंना धाकटीने वेगळी मेल मात्र एकदाही केली नाही. बाईंनी तिला चार केल्या, तर एका ओळीत उत्तर आलं, ‘आत्ता नको, ताई. इथे दार बंद होत नाही.’ केंद्रावरच्या डॉक्टरीणबाईंना बाईंनी कळवलं. त्यांनी लिहिलं की ती जेवते, कामावर जाते, दुसऱ्यांच्याही पाळ्या मागून घेते, आणि जनरेटरच्या खोलीत इतका आवाज असतो की तिथे कुणी रडलं तरी ऐकू येत नाही.

तिसऱ्या रविवारी बाबा स्टुलावर येऊन बसले आणि म्हणाले, “माझ्याच्याने आता होत नाही. आज खरं लिही.” बाईंना वाटलं, सांगावं का, की तिला ठाऊक आहे? पण मग कुणी सांगितलं, कधी, आणि गेले दोन रविवार तुम्ही दोघी माझ्याशी काय खेळत होतात, हे सगळं आलंच. बाबांनी डोळे मिटून एकेक वाक्य सांगितलं. मंगळवार, गुरुवार, तिला त्रास झाला नाही, माफ कर. बाईंनी एकेक अक्षर टाइप केलं. पाठवायचं बटण बाबांनी स्वतः दाबलं.

धाकटीचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. खूप लांब होतं. आता तिला रडायची परवानगी मिळाली होती आणि ती रडली होती. त्यात चार जोड मोजे होते, उघडलेली घड्याळं होती, आईने शेवटच्या फोनवर दिलेल्या शिव्या शब्द न् शब्द होत्या. जणू कालच कळलंय अशा बेताने लिहिलं होतं, पण त्यातलं दुसरं काहीही खोटं नव्हतं. बाबांनी ते चष्मा पुसत पुसत दोनदा वाचलं. वाचून झाल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“बघ,” ते म्हणाले, “तेव्हा नाही सांगितलं तेच बरं झालं. तेवढा एक महिना तरी पोरीचा सुखाचा गेला.”

“हो, बाबा,” बाई म्हणाल्या.

विमानाला अजून तीन महिने आणि काही दिवस होते. बाईंना साडेसातची शाळा होती. त्यांनी डबा भरला आणि त्या निघाल्या.